वेन्देलकाकांची मिशी आणि 'लांब ढांग'

पैज लावायची तर मिशीवाल्याशी, हा माझा जुना नियम. त्याच्याकडे गमवायला काहीतरी असतं, आणि गेलं की लपवता येत नाही.

रविवारी भर दुपारी, बिल्डिंगच्या चौकात, तुतीखाली, वेन्देलकाका मिशीला पीळ देत म्हणाले, "डोळे बांधा माझे. पेल्यात वाइन किती, सोडा किती, जीभ सांगेल. चुकलो तर मिशी उतरवीन. इथेच."

"आणि बरोबर ओळखलंत तर?"

"तर येनो, वर्षभर जिना तू झाडायचास."

वाइन अर्थात काकांचीच. तळघरातल्या पिंपातून अख्ख्या बिल्डिंगला तेच विकतात. 'निव्वळ द्राक्षं, आईशप्पथ.'

मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात गेलो. घरी सोडा बनवायच्या सायफन-बाटलीतलं पाणी मोरीत ओतलं, त्यात काकांचीच वाइन भरली आणि वरून गॅसची कुपी पिळून बसवली. म्हणजे पेल्यात अर्धी वाइन, तिच्यावर फसफसणारी अर्धी वाइन. सोडा नावाला नाही. आता बसा म्हटलं ओळखत!

शेजारच्या एतेल्कामावशीनं काकांच्या डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं बांधलं. काकांनी घोट घेतला, या गालातून त्या गालात फिरवला, गिळला.

"हॅ, सोपं आहे. गुत्त्यात ज्याला 'लांब ढांग' म्हणतात ते. एक भाग वाइन, दोन भाग पाणी."

"हरलात काका! पाण्याचा थेंब नाही. सगळी तुमच्या पिंपातली."

मी हसलो. एकटाच. मावशीनं आधी पेल्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"म्हणजे वेन्देलभाऊ, खोटं कोण? तुमची जीभ की तुमचं पिंप?"

काकांचा चेहरा फडक्याखाली लाल मिरचीसारखा झाला. जीभ खरी म्हणावी तर सगळी गिऱ्हाइकं गेली. पिंप खरं म्हणावं तर मिशी गेली.

"जीभ," काका पुटपुटले. "वय झालं आता. परवापासून चवच कळत नाही."

"मग बसा खुर्चीत," काकू वस्तरा घेऊन हजरच होत्या. "तीस वर्षं माझं सूप तुमच्याआधी ही मिशीच पितेय."

आरसा मी धरला. अर्धी मिशी गेल्यावर काका माझ्या कानाशी कुजबुजले, "येनो, माझी जीभ कधी चुकत नाही रे."

सगळा चौक हसत होता. मी जरा बेतानंच हसलो. सहा वर्षं मी त्याच वाइनमध्ये वर दोन भाग सोडा घालतोय, आणि पाहुण्यांना बजावतोय, जपून हं, चढते.