बिबट्याचा सदरा

जव्हारच्या स्टँडवर संध्याकाळी सत्तरीचे एक गृहस्थ जांभळ्या कव्हराचं पुस्तक वाचताना दिसले, आणि त्या कव्हरावर एक पोरगी बिबट्याच्या गळ्यात पडलेली असली, तर ते माझे भाऊमामा समजा. घाबरू नका. पण शेजारी बसू नका. कारण बसलात की ते विचारणार, "मला एक सांगा, बिबट्याचा परत माणूस होतो तेव्हा अंगावर सदरा कुठून येतो?"

मी एकदा उत्तर द्यायला गेले होते. म्हटलं, "मामा, जादू असते ती."

"जादूनं कातडी बदलली, मान्य. बटणं कोण लावतं?"

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर खिडकीत बसून 'मोखाड्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' असं गावाला सांगत राहिले. नोकरी संपली, पण माइक घशातच राहिला. घरात पाणी मागितलं तरी आमच्या अख्ख्या गल्लीला तहान लागते. आमची घरं समोरासमोर, त्यामुळे मला जास्त.

पुस्तकं माझ्या मुलीची, ऋतुजाची. नाशिकला कॉलेजला जाताना पाच भागांची ही मालिका ती घरी टाकून गेली. मुलांच्या आवडीत आपणही भाग घ्यावा, असं मी कुठंतरी वाचलं होतं. म्हणून पहिला भाग उघडला आणि तोच तोंडावर घेऊन झोपले. मामा चहाला आले, माझ्या तोंडावरून पुस्तक उचललं, आणि चहावर साय धरली तरी मान वर केली नाही.

गोष्ट अशी. लिव्हिया नावाची मुलगी डॅरन नावाच्या मुलाच्या प्रेमात आहे. हा डॅरन अंधार पडला की बिबट्या होतो आणि आपण कोण ते विसरतो. कुणी त्याला लहानपणच्या नावानं हाक मारली तरच तो पुन्हा माणसात येतो. ते नाव फक्त लिव्हियाला ठाऊक. शिवाय एक पीटर आहे. तो बिबट्या वगैरे होत नाही, लिव्हियाला सूप आणून देतो.

"दुसरा भाग कसा आहे मामा?"

"गाडी फलाटाला लागलीय, इंजिन चालू आहे, ड्रायव्हर चहाला गेलाय."

"आणि तिसरा?"

"विनाथांबा! रात्री जेवलो नाही मी."

पीटरवर त्यांचा विशेष राग. "हा सूपवाला पहिल्या भागातच उतरायला हवा होता. तिकीट संपलं तरी सीट सोडत नाही."

"म्हणजे तुम्ही बिबट्याच्या बाजूचे?"

"नियंत्रकाला बाजू नसते," मामा ताठ बसून म्हणाले. मग पान उलटून, "पण बिबट्या वेळेवर येतो."

खोडाळ्याहून नागली, म्हणजे नाचणी, विकायला येणाऱ्या मंगळीबाईलाही त्यांनी ओट्यावर बसवून पहिले चार भाग ऐकवले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्याला आईस नाय का हाक माराया? पोरीनंच का मारायची?"

मामांनी पुस्तक उलटून लेखिकेचं नाव पुन्हा वाचलं. "हा मुद्दा लेखिकेच्या लक्षात आलेला नाही," त्यांनी जाहीर केलं.

पण त्यांचं खरं म्हणणं वेगळंच होतं. ही गोष्ट मुळात खोडाळ्याची आहे आणि परदेशातल्या त्या बाईनं ती चोरली आहे!

मामांचं आणि माझ्या आईचं लहानपण खोडाळ्यात गेलं. आजोबांचं तिथं किराणा दुकान होतं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली की वाघोबाला खिरीचा नैवेद्य व्हायचा. एका पोराला राखेचे पट्टे ओढून वाघ करायचे, बाकीच्यांनी आरडाओरडा करत त्याला शिवेपर्यंत पिटाळायचं. एका वर्षी मामा वाघ झाले. इतके झाले की सदरा फेकून नागलीच्या शेतात घुसले ते परतच येईनात. सगळे शोधून दमले. शेवटी माझी आई, त्यांची थोरली बहीण, बांधावर उभी राहिली आणि ओरडली, "बाब्याऽऽ! ये रे, खीर निवतेय!"

तेव्हा वाघ बाहेर आला.

"हे त्या बाईला कुणी सांगितलं?" मामा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. माझी ओळख डहाणूच्या पुढं जात नाही, हे शपथेवर सांगितलं तरी त्यांचा संशय फिटला नाही.

पाचव्या भागात घोटाळा झाला. लिव्हियाच्या डोक्याला मार लागून तिची स्मृती गेली. शेवटचं प्रकरण तेवढं उरलेलं, आणि मामांनी पुस्तक मिटलं. श्रावण गेला, गणपती गेले, दसरा गेला, मामा काही पान उलटेनात. इकडे ऋतुजाचा फोन आला, दिवाळीला येतेय, मैत्रिणीसाठी सगळे भाग घेऊन जाणार.

"चार ने म्हणावं. पाचव्याची फेरी रद्द," मामा म्हणाले.

"अहो, एक प्रकरण ते! वाचून टाका ना."

"आणि तिला नाव आठवलंच नाही तर?"

"तर काय?"

"तर राहील तो तसाच. तसं वाईट काही नाही. बिबट्याला लोक मान देतात. बाजूला होतात." हे वाक्य गल्लीपर्यंत गेलं नाही. माझ्यापर्यंतही पोचलं नाही. मी लसूण सोलत होते.

वाघबारशीला ऋतुजा घरी होती. मी खीर केली. ही खीर आईची. आई माझ्याकडेच असायची, आणि दर वर्षी ओट्यावर उभी राहून समोरच्या घराकडे तोंड करून हाक मारायची. आई गेली त्या वर्षी, म्हणजे गेल्या दिवाळीला, आम्ही काही केलं नाही. मी ऋतुजाला मामांना बोलवायला धाडलं.

ती परत आली. "मामाआजोबांनी दार लावून घेतलंय. आतून म्हणाले, भूक नाही."

मी पळी हातात घेऊनच ओट्यावर गेले. "मामा!" काही नाही. "अहो मामा!" शेजारचा शिंपी मशीनवरूनच मदतीला आला, "साहेऽब!" तरी काही नाही.

आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. लसूण सोलून झाल्यावर पंधरा दिवसांनी. स्टँडवर ते साहेब. मला मामा. मामी होती तोवर तिचं 'अहो'. लहानपणच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं.

भाचीनं मामाला असं म्हणायचं नसतं. पण मी पदर खोचला आणि आईच्या चालीत, शेवटचा स्वर तसाच लांबवून, ओरडले, "बाब्याऽऽ! ये रे, खीर निवतेय!"

शिंप्याचं मशीन थांबलं. ऋतुजानं तोंडावर हात ठेवला. समोरचं दार बंदच. मला वाटलं, आता दार उघडून मामा माझे कान उपटणार.

मग आत काहीतरी पडलं. बहुधा खुर्ची. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, पण जरा फाटलेला आवाज आला,

"आलो, आलो! सदरा तर घालू दे!"