देवपुजारी काकांचं नारिंग

देवपुजारी काका वांगी घेण्याआधी वांग्याचं माहेर सांगतात, तेही भाजीवाल्याला.

इथे हिंदी मुलखात, आनंद नगरच्या आमच्या गल्लीत हातगाडी थांबली की काका पिशवी घेऊन हजर. "देख भैया, ये यहीं का है. संस्कृत से फारसी में गया, फिर अरबी, फिर पोर्तुगाल. वो लोग वापस लाए तो नाम हो गया ब्रिंजल! बेटी दुनिया घूम के मायके लौटी और हम पहचानते नहीं!" भाजीवाला कपाळाला हात लावतो. "बाबूजी, भटा तौलूँ कि उसका खानदान?" मागे ताटकळणाऱ्या आम्हा बायकांचे कुकर लागायचे राहतात.

काका मूळचे नागपूरचे. नोकरी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर, घरात एकटेच असल्यामुळे, शब्द तपासायला घेतले. माझ्याकडे चहाला आले की आल्याचा तुकडा हातात धरून बसतात. "वहिनी, हे थेट ग्रीसपर्यंत पोचलं बरं का!" आलं पोचतं ग्रीसला आणि गार झालेला चहा मला पुन्हा गरम करावा लागतो.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी लावलेलं नारिंगाचं झाड आहे. फळ इतकं आंबट, की माकडंसुद्धा एक चावा घेऊन फेकून देतात. यंदा दिवाळीनंतर गल्लीच्या मीटिंगमध्ये ठरलं, झाड काढायचं, दोन गाड्यांची जागा होईल. वांग्यावर तासभर बोलणारे काका एवढंच म्हणाले, "फळं पिकेपर्यंत थांबा ना जी. मग मीच काढतो." त्या आंबट फळांची कसली एवढी वाट बघायची, मला काही कळेना.

डिसेंबरात त्यांचा मुलगा स्पेनहून पहिल्यांदाच लेकीला घेऊन आला. पाच वर्षांची पोर, तिथल्या भाषेशिवाय एक शब्द येत नाही. व्हिडिओ कॉलवर काकांनी "बाळा" म्हटलं की बापाच्या हातात फोन देऊन पळायची, ते मी कितीदा पाहिलं होतं. इथे आल्यावरही बापाचा शर्ट सोडेना.

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते. झाडाखाली काका उभे, पोर चार हात लांब. काकांनी पिकलेलं फळ तोडून तळहातावर धरलं. "नारिंग."

ती बघत राहिली.

"संस्कृतात नारंग," काका सवयीने म्हणाले. मग हळूच, "अरबीत नारंज..."

"नारान्हा!" पोर एकदम ओरडली. आजोबा चुकीचं म्हणतात, म्हणून जवळ येऊन तिने पुन्हा सांगितलं, "नारान्हा!"

"नारान्हा," काका म्हणाले. तिने फळ घेतलं, चावलं आणि असं तोंड केलं की काका खो खो हसले. मग तीही हसली. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. डोळे पुसायला बरा पडला.

मी हे गल्लीभर सांगितलं. झाड काढायचा विषय नंतर कोणी काढला नाही.

संध्याकाळी काका चहाला आले. पहिल्यांदाच त्यांनी तो गरम असताना प्यायला.

"वहिनी, साखर जमते. लिंबू जमतं, सरबतही जमतं. सगळे शब्द तिच्या भाषेत पोचलेले आहेत." मग कप खाली ठेवून म्हणाले, "महिनाभर राहणार आहे पोर. पुरतील ना जी एवढे?"