निरोगी माणसं हवी आहेत

शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता आणि मंगळवार उजाडला तरी डॉक्टरीणबाईंना वीस निरोगी माणसं मिळाली नव्हती. आजारी साठ केव्हाच मिळाली होती. इस्पितळात आजाऱ्यांना काय तोटा! पण रक्तविकार विभागाच्या मोठ्या सरांचा दंडक होता, की साठ आजाऱ्यांच्या शेजारी वीस धडधाकट माणसांचं रक्त मांडल्याशिवाय प्रबंधावर सही नाही. सही नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे आणखी सहा महिने सरांच्या हाताखाली. डॉक्टरीणबाईंना या शेवटच्या गोष्टीचीच धास्ती होती.

विषय सरांनीच दिला होता. दिसायला ठणठणीत माणसांच्याही तांबड्या पेशी नको तेवढ्या मोठ्या असतात, हे सरांनी दहा वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. इतर इस्पितळांतल्या डॉक्टरांना असं काही आढळत नव्हतं. त्यांना बघता येत नाही, असं सर म्हणत. पेशी मोठी निघाली की बी ट्वेल्व्हचं इंजेक्शन, हा विभागाचा शिरस्ता होता. दंडावर कापसाचा बोळा दाबून बसलेल्या लोकांनी बाहेरचा बाक कायम भरलेला असे.

डॉक्टरीणबाईंनी सुरुवात फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून केली. अडकलेलं लोखंडी फाटक एका हातानं उचलणारा गडी तो, पण यंत्रानं त्याच्याही पेशी मोठ्या दाखवल्या. कँटीनवाल्याच्या मोठ्या, धावण्याच्या शर्यती जिंकणाऱ्या तीन विद्यार्थ्यांच्या त्याहून मोठ्या. शेवटी त्यांनी घरचीच माणसं धरून आणली. नवऱ्याच्या पेशी मोठ्या निघाल्या आणि पेशींवर ताण नको म्हणून त्यानं त्याच संध्याकाळपासून भांडी घासणं बंद केलं. सासूबाई सत्तरीच्या, पण आजवर साधं डोकं दुखलेलं नव्हतं. रिपोर्ट हातात पडताच त्यांना जिना चढताना धाप लागू लागली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं काहीतरी होतंय. पण या घरात मला विचारतंय कोण?"

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी डीनसाहेबांना लिफ्टमध्ये गाठलं. संध्याकाळी साहेब स्वतः बोळा दाबून बाकावर बसले होते. आपल्यालाच झालंय तर बाकीचे सुटतील कसे, असा विचार करून त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीचा हुकूम काढला. गुरुवारी सकाळपर्यंत एकशे बारा जण आजारी ठरले आणि इंजेक्शनांचा साठा संपला. दोन सर्जनांना अशक्तपणा जाणवू लागल्यानं शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. सर मात्र खूश होते. त्यांच्या शोधाला इतका भक्कम पुरावा कधी मिळाला नव्हता.

आणि त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंना निरोगी माणूस सापडला. सर घरी विसरलेला चष्मा द्यायला त्यांचे धाकटे भाऊ आले होते. बाईंनी चष्मा घेतला आणि रक्तही घेतलं. रिपोर्ट निर्दोष निघाला. त्या आनंदानं उठल्या आणि दोन पावलं चालून पुन्हा खाली बसल्या. अख्ख्या इस्पितळात निरोगी माणसं दोनच, एक सकाळच्या तपासणीत एकटेच सुटलेले मोठे सर आणि दुसरा त्यांचा सख्खा भाऊ?

त्या प्रयोगशाळेतल्या मामांकडे गेल्या. यंत्र सांभाळणारे मामा विभागात सगळ्यांत जुने.

"मामा, सोमवारी यंत्र कशावर लावता?"

"सरांच्या रक्तावर," मामा म्हणाले. "नॉर्मल म्हणून तेच घालायचं आणि आकडे जुळवून घ्यायचे."

ही रीत अकरा वर्षांची होती. एकदा यंत्र जुळवायला कंपनीकडून येणारी प्रमाणित रक्ताची बाटली वेळेवर आली नाही, तेव्हा सरांनी बाही वर करून विचारलं होतं, माझ्याइतकं नॉर्मल कोण आहे इथे? पुढच्या सोमवारी बाटली आली, पण तोवर सर हात पुढे करून बसले होते. नको म्हणणार कोण? तेव्हापासून बाटल्या येत, फ्रिजमध्ये बसत आणि मुदत संपली की टाकून दिल्या जात.

"पण तुम्ही सरांचं रक्त कधी काचेवर पसरून बघितलं नाहीत?"

"बघितलं की. पेशी बारीक आहेत. सरांना तसं सांगितलंही. म्हणाले, मामा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"मग?"

"घेतला. नंबर तोच निघाला."

सरांच्या बारीक पेशी नॉर्मल धरल्या, म्हणूनच यंत्राला बाकी सगळ्यांच्या मोठ्या दिसत होत्या, आणि शुक्रवार तर तोंडावर होता. फक्त क्रमांक घातलेली काचपट्टी त्यांनी सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सरांनी चष्मा चढवला आणि क्षणात मान डोलावली. काहीही म्हणा, त्यांची नजर पक्की होती.

"बारीक पेशी. थॅलेसेमियाचा वाहक दिसतोय. तसा आजारी नाही, पण मुलांची लग्नं ठरवण्याआधी कळायला हवं. कुणाचं रक्त आहे?"

"आपल्याच विभागातलं आहे, सर."

"आणि आजवर कुणी सांगितलं नाही त्याला?"

"धाडस झालं नाही कुणाचं."

"रक्ताला कसली भीड? बोलवा त्याला."

बाईंनी नोंदवही उघडून पुढे ठेवली. सरांनी क्रमांक वाचला, समोरचं स्वतःचंच नाव वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"नंबर बरोबर आहे, सर," दारातून मामा हळूच म्हणाले.

त्या संध्याकाळी कंपनीची ताजी बाटली उघडून यंत्र नव्यानं लावलं. पहारेकरी बरा झाला, डीनसाहेब बरे झाले, सर्जनांना पुन्हा जोर आला. सासूबाईंनी मात्र यंत्रच बिघडलं असणार असं सांगून जिन्यावरची धाप चालू ठेवली. बाईंना वीस निरोगी माणसं मिळाली. त्यांनी घाईघाईनं साठ आजाऱ्यांचे आकडेही नव्या हिशेबानं सुधारायला घेतले. साठच्या साठ बरे निघाले.

शुक्रवारी सकाळी त्या कोरा चेहरा करून सरांच्या खोलीत गेल्या. सर बाही वर करून बसले होते. रात्रभर मनाला लागलं असणार, पण चेहऱ्यावर जुनंच तेज होतं.

"विषय बदलायचा," ते म्हणाले. "बारीक पेशी, लपून राहिलेले वाहक. पहिलं रक्त माझं घ्या. माझ्याइतकं ॲबनॉर्मल कोण आहे इथे?"

बाईंनी सुई उचलली.

"निरोगी तुमच्याकडे भरपूर आहेत," सर प्रेमानं म्हणाले. "वाहक भावाला धरून दोन झाले. राहिलेले अठ्ठावन्न शोधा. सहा महिने आहेत."