हे पिऊ नये

आमच्या शेजारच्या बन्सीनानांच्या घरात पिण्याच्या पाण्याचा माठ होता आणि त्या माठावर खडूने लिहिलेलं होतं, 'हे पिऊ नये.'

लग्न होऊन मी साक्रीकडच्या खेड्यातून धुळ्याला आले, त्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला त्यांच्याकडे चाळणी आणायला पाठवलं. नाना म्हणाले, "पोरी, उन्हातून आली, पानी पे." मी माठाजवळ गेले, वाचलं आणि तशीच परत फिरले.

"काय झायं?" नानांनी विचारलं.

मी नुसतं माठाकडे बोट केलं.

"ते मीच लिखेल शे," नाना म्हणाले. "इचारीसन पे, इतलंच."

त्यांनीच प्यायला सांगितलं होतं, मग आणखी काय विचारायचं ते मला कळेना. मी चाळणी घेऊन तहानलेलीच घरी आले. ते पाणी चांगलंच होतं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

खोबरेलाच्या बाटलीवर, रॉकेलच्या डब्यावर, मधाच्या शिशीवर, देवापुढच्या तांब्यावरही तेच लिहिलेलं होतं. शिवाय धोक्याच्या वस्तूला ते लाल चिंधी बांधत. अशी चिंधी तिखटाच्या बरणीला होती, सायकलला होती आणि छत्रीच्या दांड्यालाही होती. छत्रीचा धोका कोणता, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

नाना जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. म्हणजे बैलाचा खांदा सुजला, म्हशीचा खूर चिघळला की धुवायचं, पुसायचं, पट्टी बांधायची. निवृत्त झाल्यावर ते एकटेच राहत. लग्न केलं नव्हतं. आमची गल्ली दूधवाल्यांची, दारोदारी म्हशी. त्यामुळे गोठे धुवायचं औषध गल्लीला नानाच करून देत. ते औषध म्हणजे कारबोलिक. काळसर तपकिरी बाटली, घट्ट बूच आणि वास असा, की बूच काढलं की चार घरं सोडून कळायचं.

ते औषध कालवणं म्हणजे एक सोहळा असे. आम्ही सुनांनी बांगड्या वर सारून, पदर नाकाला लावून वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभं राहायचं. वारा कुठून येतो ते नाना धोतराचा सोगा धरून बघत. मग आम्हाला तीनदा इकडून तिकडे हलवत. तोवर वारा बदले.

"आधी पानी, मंग औसद," हे त्यांचं पालुपद. बादलीत आधी पाणी घ्यायचं आणि त्यात बाटलीतलं औषध कडेकडेने, हळूच सोडायचं. औषधावर पाणी ओतलं तर शिंतोडा थेट डोळ्यात. इथपर्यंत मला समजत असे. पण नाना पुढे म्हणत, "हाई औसद शे, पन औसद नही शे." पाण्यात मिसळलं की औषध, नाहीतर नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. मला मात्र वाटे, एकच वस्तू एका बाजूने औषध आणि दुसऱ्या बाजूने विष, मग बाटलीत असते तेव्हा ती कोण असते?

सासूबाईंना असले प्रश्न पडत नसत. त्यांना गल्लीत सगळे अक्का म्हणत. पहाटे डोक्यावर चरवी आणि हातात माप घेऊन त्या अर्धं गाव पालथं घालत. आपल्या दुधात पाण्याचा थेंब नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. रतिबाच्या घरी त्या बोट दुधात बुडवून वर धरत आणि थेंब ओघळतो का ते बघा म्हणत. त्यामुळे नानांचा आणि त्यांचा वाद कायमचा.

"दूधमा पानी टाकस त्याले आपन चोर म्हनतस," त्या ओट्यावरून ओरडत. "मंग औसदमा पानी टाकस त्याले काय म्हनानं?"

"त्याले ड्रेसर म्हनानं," नाना म्हणत.

सगळी गल्ली हसे. पण मनातून गल्लीला अक्कांचंच पटे. नाना बादलीभर पाण्यात एवढंसं औषध सोडतात म्हणजे उरलेलं स्वतःसाठी राखून ठेवतात, असं बायका म्हणत. एकटा माणूस कारबोलिक राखून करणार काय, हे कोणी सांगत नसे.

त्या हिवाळ्यात अक्कांच्या टाचेला मोठी भेग पडली. चालताना रक्त येई. त्यांनी नानांकडे औषध मागितलं. नानांनी तांब्याभर कोमट पाण्यात मीठ घालून दिलं आणि म्हणाले, "यामा पाय बुडव. ते दुसरं कातडीसाठी नही शे."

"म्हशीना गोठाले चांगलं आन माले मीठ!" अक्का घरी येऊन चिडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना हजामत करायला गेले, तेवढ्यात त्यांच्या उघड्या दारातून जाऊन अक्का बाटलीच घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "काय लिखेल शे वाच."

मी चौथी शिकलेली, म्हणून घरात वाचायचं काम माझ्याकडे. मी वाचलं, "हे पिऊ नये."

"मंग? मी कुठे पी राहिनू?" अक्का म्हणाल्या. त्यांनी कापूस भिजवला, टाचेला लावला आणि वरून फडक्याने घट्ट बांधला. बाटली परत नेऊन ठेवली.

थोडं चरचरलं म्हणाल्या. मग चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मलाही बरं वाटलं. "ठनका गया. बठ्ठा गया. पानी न टाकेल औसदनी बातच न्यारी." म्हशींना चारा त्यांनी गुणगुणत टाकला. मला काहीच उमगेना. नाना ज्याला आग म्हणत, ते तर बर्फासारखं गार करत होतं.

नाना परत आले ते ओट्यापाशीच थबकले. वास घेतला. अक्का ताठ पावलांनी समोरून चालत गेल्या.

"पाय दाखाड," नाना म्हणाले.

"माझा पाय मस्त शे. दुखत नही काही."

"दुखत नही हाईच खराब शे!"

नानांनी त्यांना खाली बसवलं आणि फडकं ओढून काढलं. टाच पांढरीफटक पडली होती, उकडलेल्या अंड्यासारखी. नानांनी म्हशींच्या हौदातली बादली उचलली आणि पायावर ओतली. मग दुसरी, मग तिसरी. धुळ्यात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी. अक्का पायापेक्षा पाण्यासाठीच ओरडत होत्या, "अरे, म्हशी काय पितीन? हौद रिता झाया रे!" नाना ऐकत नव्हते. शेजारच्या घरांचे हंडेही आम्ही आणून दिले. गल्लीतून पाणी वाहत पार रस्त्याला लागलं. तो सगळा वेळ अक्का दुखत नाही म्हणत होत्या आणि दुखत नाही म्हटलं की नाना आणखी पाणी मागत होते.

मग रिक्षा करून मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वेळेवर धुतलं म्हणून ठीक, पण वरची कातडी जाईल. खाली जिवंत मांस आहे की नाही, ते काही दिवसांनी कळेल. टाचेला जाणीव आली तर पाय चालता राहील. नाही आली तर खडा रुतलेला कळणार नाही, जखम आत सडत जाईल आणि मग कापावं लागेल.

अक्कांनी त्या दिवसापासून ओट्यावरून ओरडणं सोडलं. पाय गेला तर पहाटेची फेरी गेली, आणि फेरी सोडून त्यांना दुसरं आयुष्य माहीत नव्हतं. रतीब मी आणि माझे मालक घालू लागलो. अक्का ओट्यावर पाय लांब करून बसत.

नानांनी एका दिवसात घरातल्या सगळ्या बाटल्यांवर नवं लिहिलं, 'हे पिऊ नये, लावू नये, हुंगू नये.' माठावरसुद्धा. मग रोज सकाळी ते पट्टी बदलायला येऊ लागले. पट्टी सोडत, उकळून गार केलेल्या पाण्याने धूत. मग शिराईच्या झाडूची एक काडी घेऊन टाचेला टोचत.

"लागस का?"

"नही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "लागस का?" "नही." काडी खाली ठेवताना नानांचा चेहरा असा होई, जणू पाय त्यांचाच आहे. मला वाटे, शेजारणीच्या टाचेसाठी माणूस इतका का झुरतो? आणि तेही बाटली चोरणाऱ्या शेजारणीच्या?

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी नानांनी काडी टोचली आणि अक्का किंचाळल्या.

"मुडद्या, लागनं ना! किती जोरबन टोचस! तुना हातले काही समजत नही का?"

मी आनंदाने हसायच्या बेतात होते. पण नाना खाली बघत म्हणाले, "नही समजत, अक्का."

त्यांनी हात पुढे केला. बोटांची टोकं गुळगुळीत, फिकट. तरुणपणी दवाखान्यात ते त्या बाटलीतल्या औषधात हातानेच कापूस पिळत. गार वाटायचं, बरं वाटायचं. पाणी घालणं म्हणजे औषध वाया घालवणं, असं तेही समजत. पुढे एकदा चुलीवरचं भांडं उचललं आणि वास आल्यावर कळलं, की आपलीच बोटं भाजताहेत. "तुनं परत उनं," टाचेत आलेल्या जाणिवेबद्दल ते म्हणाले. "माझं नही उनं. चाल, बेस झायं." पट्टी बांधून ते घरी गेले.

अक्का बराच वेळ टाचेवरून हात फिरवत बसल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, "पेलाभर दूध तापाड. नानाले दी ये. आन त्याले सांगजो, दूध ऊन शे."

मी दूध घेऊन गेले. आमच्याकडे सुना वडीलधाऱ्या पुरुषांशी बोलत नाहीत. डोक्यावर पदर घ्यायचा, वस्तू ठेवायची आणि मागे फिरायचं. लग्नानंतर इतक्या महिन्यांत मी नानांसमोर तोंडातून शब्द काढला नव्हता. मी पेला ओट्यावर ठेवला. नानांनी तो धरायला हात पुढे केला.

"नाना, गरम आहे," मी म्हटलं.

त्यांचा हात तिथेच थांबला. कोण बोललं ते त्यांना आधी कळलं नसावं. मग त्यांनी विचारलं, "किती गरम शे?"

हे कसं सांगायचं ते मला कळेना. मी पेल्याला बोट लावलं आणि काढलं. "थांबा जरा," मी म्हटलं.

नाना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. मीही उभी राहिले. मध्ये मध्ये वाकून पेल्याला बोट लावून बघत होते.

"आता घ्या," मी म्हटलं.