अर्ध्या कपाची गंगाक्का

आमच्या शेजारच्या गंगाक्कानं आजवर कुणाच्याही घरी पूर्ण कप चहा घेतलेला नाही. अर्धा पिते, अर्धा ठेवते आणि हात जोडून उठते. वर बजावते, "वरच्या गल्लीत बी अर्धाच घेतला बरं का. उगं मनात काई आणू नका."

भालकीकडच्या आमच्या गावात हे सांभाळावंच लागतं. गावात दोन पार्ट्या, वरची गल्ली आणि खालची गल्ली. वेशीच्या कमानीचं तोंड कुठल्या अंगाला असावं यावरून जे फाटलं ते फाटलंच. कमानीचे दोन खांब अजून तसेच उभे आहेत. एका गल्लीत ऊठबस ठेवली की दुसरीतली दारं बंद. फक्त मतं मागणाऱ्याला दोन्हीकडं चहा मिळतो.

गंगाक्का ग्रामपंचायतीत इतकी वर्षं निवडून आली की शाळेतली पोरं तिला "मेंबर आज्जी" म्हणतात. खालच्या गल्लीत मराठी, वरच्या गल्लीत कन्नड, मशिदीकडं दखनी, सगळं कसं सफाईदार. पण तिचे दोन मुलगे? थोरला वरच्या पार्टीचा पुढारी, धाकटा खालच्या पार्टीचा. आणि ही मधे, माझ्या भिंतीला भिंत लावून, एकटी.

यंदा आरक्षण फिरलं आणि तिची जागा गेली. तरी प्रचार सुरू होताच बाई इस्त्रीचं पातळ नेसून निघाल्या! दोन्ही गल्ल्या चक्रावल्या. थोरल्याला वाटलं, ही धाकट्याचा प्रचार करतेय. धाकट्याला वाटलं, थोरल्याचा. माझं तर डोकंच चालेना.

"अक्का, मत मागायलाव तरी कुणासाठी?"

"मी कुठं मत मागायलेय? लक्ष ऱ्हाऊ द्या म्हणते नुसतं."

"कुणावर?"

"ते कुणी इचारलंच न्हाई, सर," ती म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

मतदान झालं, निकाल लागला, गुलालही धुऊन निघाला. नंतर एका सकाळी शाळेला जाताना बघतो तर गंगाक्का त्याच पातळात थोरल्याच्या दारातून हात जोडून बाहेर पडतेय. मागं नात उभी, हातात अर्धा उरलेला कप.

"अक्का, निवडणूक संपली की!"

तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मेंबर होते तवर दोनी पोरांकडं जाता येत होतं, सर. आता नुसती आई म्हणून एकाकडं गेले की दुसरा बोलंना होतो. मग कामून गेले, ते काई तरी सांगाय लागतंय की."

मला फार वाईट वाटलं.

"आणि पुढची निवडणूक येतीयाच की," तिनं पदर सारखा केला. "चला, धाकट्याकडचा अर्धा ऱ्हायलाय."