एका सिनेमामागे एक काम

सबनीसकाकांनी एक सिनेमा पाहिला, की काकूंचं घरातलं एक काम कमी होतं. ही थाप नाही. गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत चौदाव्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत. सात वर्षं मी हा प्रकार डोळ्यांनी बघतोय.

सिनेमा कुठलाही चालत नाही. मारामारीचे, भुताखेतांचे, प्रेमाचे त्यांना वर्ज्य. बाईवर अन्याय होणारा हवा. सासू छळतेय, नवरा हात उगारतोय, हुशार मुलीला चुलीपुढे बसवलंय, असं काही पोस्टरवर दिसलं की काका दुपारच्या खेळाला निघतात आणि सोबतीला मला ओढतात. मी घरून नोकरी करतो, म्हणजे त्यांच्या मते मी रिकामाच असतो. "चलो यार मिलिंद, जरा बसून येऊ," म्हणतात, जसं काही पार्कात निघालोय. मग अडीच तास नाक शिंकरत बसतात. स्वतःचे दोन रुमाल भिजले की माझा मागतात. तो मला दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून मिळतो. धुणं आणि इस्त्री दोन वेगवेगळ्या सिनेमांनंतर त्यांच्याकडे आली.

सिनेमा संपतो, दिवे लागतात, काका चष्मा पुसतात आणि म्हणतात, "नोंद घेतली." उभा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत गेला, त्यामुळे दुःखाचीसुद्धा ते नोंदच घेतात. कारवाई दुसऱ्या दिवशी सकाळी. हुंड्याच्या सिनेमानंतर सकाळचा चहा त्यांच्याकडे गेला. हुंड्याचा आणि चहाचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सुरुवात कुठून तरी करायची असते." एका विधवेच्या सिनेमानंतर भाजी चिरणं गेलं, एका वकीलबाईच्या सिनेमानंतर भांडी. एका सिनेमात नायिका शेवटी बॅग उचलून घराबाहेर पडते. तो पाहून आल्यावर काकांनी एकदम तीन कामं घेतली, बहुधा घाबरून.

त्यांच्याकडे झाडूपोछ्याला येणारी शांती माझ्या बायकोकडे रडकुंडीला येऊन म्हणाली, "अंकलजी ने झाडू भी ले लिया, तो मैं क्या करूँ?" काकांनी तिला पंख्याखाली बसायला सांगितलं होतं. ती आता रोज तासभर पंख्याखाली बसते आणि फोनवर मालिका बघते. त्या मालिकेतल्या सुनेचे हाल काकांच्या कानावर पडू नयेत, म्हणून काकू तिला आवाज बंद ठेवायला लावतात.

आमच्या घरीही याचे पडसाद उमटलेच. मीनल, म्हणजे माझी बायको, मला विचारते, "तूही तेच सिनेमे बघतोस ना? मग तुझ्यावर काहीच कसा परिणाम होत नाही?" मी विषय बदलतो.

मध्यंतरी काकांनी घरीच आठ भागांची वेब सीरिज बघायचा घाट घातला. काकूंनी रिमोट कणकेच्या डब्यात लपवला. आठ भाग म्हणजे आठ कामं, आणि काकूंकडे तेवढी उरलीच नव्हती. खरं तर एकच उरलं होतं. पोळ्या. पोळपाटाला मात्र त्या काकांना हात लावू देत नसत.

परवा नवा सिनेमा लागला. पोस्टरवर स्वयंपाकघरात कोंडलेली सून होती. काकू दुपारी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मिलिंद, या वेळी तीन तिकिटं काढ. मी येतेय."

मी चकित झालो. अशा सिनेमाला काका काकूंना कधीच नेत नसत. "तिला कशाला ते रडगाणं," म्हणायचे.

काकू खुर्चीत बसल्या. "तुला काय वाटतं, ते सिनेमा बघतात? अरे, ते आमचं सरोजिनी नगरचं क्वार्टर बघतात. लग्न होऊन मी दिल्लीत आले, तर सासूबाई माझी एकेक पोळी खिडकीशी धरायच्या. पोळीतून पलीकडचा कडुनिंब दिसला पाहिजे. नाही दिसला, की ती पोळी बाजूला. सगळ्यांची जेवणं झाली, की त्या बाजूला काढलेल्या गार पोळ्या माझ्या. चार वर्षं. आणि हे तिथेच बसलेले असायचे, मान खाली घालून जेवत. एक शब्द बोलले नाहीत."

"मग आता राग आहे का तुम्हाला?"

"छे रे. राग केव्हाच गेला. सासूबाईंनाही जाऊन वीस वर्षं झाली. पण हे अजून बोलत नाहीत. नुसती कामं घेतात. मला कामं द्यायची नाहीत, मला ऐकायचंय. एकदा यांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं. आता पोळ्याही घेतल्या ना, तर यांना वाटेल विषय मिटला. मग कधीच बोलणार नाहीत. म्हणून मी पोळ्या सोडत नाही."

मला फार वाईट वाटलं. सात वर्षं मी या माणसाचे किस्से ऑफिसच्या मीटिंगांमध्ये सांगून हशे मिळवले होते.

तीन तिकिटं बघून काका गडबडले. "निर्मला, तू नको येऊस. बिल्कुल बोअर होशील." काकू चपला घालून लिफ्टपाशी पोचल्यासुद्धा होत्या.

काका आमच्या दोघांच्या मध्ये बसले. अर्ध्या तासातच तो प्रसंग आला. सून जेवायला बसते आणि सासू तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेते. काकांनी रुमाल काढला, परत खिशात घातला आणि उठले. "जरा बाहेर जाऊन येतो."

काकूंनी पडद्यावरची नजर न हलवता त्यांची बाही धरली. "बसा. मी बसलेय ना?"

काका बसले. त्यानंतर त्यांनी एकदाही नाक शिंकरलं नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत समोर बघत राहिले.

दिवे लागले. लोक उठून गेले. झाडणारी माणसं आली तरी आम्ही तिघं तिथेच. काकांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. मग रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाले, "निर्मला, मी तेव्हा आईला बोलायला हवं होतं. पहिल्याच दिवशी."

मला वाटलं, काकू आता 'जाऊ द्या हो' म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. काकूंनी म्हटलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या, "हवं होतं."

काकांनी मान हलवली आणि मग लहान मुलासारखे रडले. मी हळूच उठून बाहेर आलो आणि खाली गाडीपाशी थांबलो.

ते दोघं अर्ध्या तासाने आले. एरवी काका पुढे, माझ्या शेजारी बसतात. त्या दिवशी ते मागे काकूंजवळ बसले. सोहना रोडला नेहमीसारखा जाम लागला होता. काका हळू आवाजात एकेक विचारत होते, तुला सणाच्या दिवशीही गार पोळ्या का, माहेरी कधी सांगितलंस का, आणि काकू सगळं सांगत होत्या. मध्येच दोघं कशाला तरी हसले. घर येईपर्यंत ते बोलत होते, आणि मी जितकी हळू चालवता येईल तितकी हळू गाडी चालवली.