जड विशेषणं आधी

शब्द कसे साठवायचे आणि कसे बाहेर काढायचे, हे मला कुणी शिकवू नये! अहो, माझी उभी हयात गोदामात गेली आहे. यंत्रांचे सुटे भाग सांभाळतो मी. कुठला बोल्ट कुठल्या फळीवर, हे मला झोपेतून उठवून विचारा. तेव्हा इंग्रजी विशेषणं ती काय आणि त्यांचा बाऊ तो काय, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं.

विशेषणांची गरज पडली ती नव्या गोदामामुळे. कंपनीने नवंकोरं गोदाम बांधलं. उंच छप्पर, भरपूर उजेड, आणि गोदामप्रमुखाला काचेची स्वतंत्र खोली! मी इतकी वर्षं जिन्याखालच्या कोंदट जागेत बसतोय, उठताना रोज डोकं आपटतं. ती खोली मला हवी होती, अगदी लहान मुलाला खेळणं हवं असतं तशी. पण तिथे परदेशी पाहुण्यांची ये-जा असणार, म्हणून कंपनीच्या मोठ्या मॅडम गोदामप्रमुखाची मुलाखत इंग्रजीत घेणार होत्या.

माझा मेव्हणा इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. त्याने आधी मलाच तपासलं. साहेब कसे आहेत? गुड. बायको कशी आहे? व्हेरी गुड. तुम्हाला कसं वाटतंय? गुड.

"भावजी," तो म्हणाला, "तुमच्याकडे एकच विशेषण आहे, आणि तेही झिजलंय."

मग त्याने मला एक तक्ता दिला. डाव्या बाजूला आनंदाचे शब्द, उजव्या बाजूला दुःखाचे. वर ताकीद दिली, की नुसती घोकंपट्टी करायची नाही, रोज एक शब्द वापरायचा.

वापरायचा कुठे? तर आमच्या कंपनीत नवीनच एक टूम निघाली होती. सकाळी मोबाइलवर हजेरी लावली की प्रश्न येतो, आज तुम्हाला कसं वाटतंय? उत्तर इंग्रजीत, एका शब्दात. सगळे 'फाइन' लिहून मोकळे होतात. हे कुणी वाचत असेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हटलं, सरावाला याहून सोयीची जागा मिळायची नाही.

आता गोदामाचा एक नियम असतो. जड माल आधी हलवायचा, अंगात जोर आहे तोवर. हलकी खोकी मागाहून. मी तक्ता न्याहाळला. आनंदाच्या बाजूला सगळं किरकोळ सामान. ग्लॅड काय, मेरी काय, एका हाताने उचलावेत असे शब्द! दुःखाच्या बाजूला मात्र एकेक धूड पडलेलं. तेव्हा मी नियमाप्रमाणे उजवीकडून सुरुवात केली.

पहिल्यांदा 'मेलँकली' काढला. म्हणजे खोल, मुरलेली उदासी. शीळ घालत लिहिला. मग 'डिस्पॉन्डंट', म्हणजे आशा पार मावळलेला. त्यानंतर 'फोर्लॉर्न', ज्याचं जगात कुणी उरलं नाही असा. आणि ज्या दिवशी 'इन्कन्सोलेबल' जमला, तो दिवस तर विचारूच नका! कितीही समजूत काढली तरी ज्याचं दुःख हटत नाही, तो इन्कन्सोलेबल. एवढा लांबलचक शब्द न अडखळता लिहून झाला म्हणून मी स्वतःच स्वतःला चहा पाजला.

आणि काय सांगू, इंग्रजीचा प्रताप दिसायलाच लागला! मी दिसलो की लोकांचे आवाज खाली यायचे. कुणी मला साधं खोकं उचलू देईना. डिस्पॅचवाला म्हणजे माझा प्रतिस्पर्धी, त्यालाही ती काचेची खोली हवी होती. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या डब्यातलं अर्धं जेवण माझ्यापुढे सरकवलं. मोठ्या मॅडम तर स्वतः जिन्याखाली आल्या, डोकं आपटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, काही लागलं तर संकोच करू नका. मी घरी येऊन बायकोला ऐकवलं, की शब्दसंपत्ती वाढली की माणसाचं वजन आपोआप वाढतं.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या समुपदेशक बाई आमच्या दारात हजर झाल्या. मी तेव्हा न्हाणीघरात होतो. अंगावर पाणी पडलं की मला गाणं सुचतं आणि मी ते मोकळ्या गळ्याने म्हणतो. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि बायकोचा हात हातात घेतला.

"हे असं रोज रडतात का हो?"

"रडत नाहीत, गातात," बायको म्हणाली.

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी पर्समधून मोबाइल काढून माझे एव्हाना कंपनीभर झालेले सगळे शब्द बायकोला दाखवले. घरात काही बेबनाव आहे का, हे आडून आडून विचारलं. आणि जाता जाता सांगितलं, की अशा नाजूक मनःस्थितीत नव्या गोदामाचा भार यांच्यावर टाकणं बरं नाही, म्हणून मॅडम उद्या डिस्पॅचवाल्याच्या नावावर सही करणार आहेत.

मी केस पुसत बाहेर आलो तर बाई निघून गेलेल्या. बायकोने भावाला फोन करून एकेका शब्दाचा अर्थ विचारून घेतला होता. तिने माझं ताट वाढलं, पुढ्यात ठेवलं आणि समोर बसली.

"तुमचं या जगात कुणी नाही म्हणे," ती म्हणाली. "मग हे ताट कुणी वाढलं?"

घास हातातच राहिला. तिने आवाज चढवला असता तर मी निभावून नेलं असतं, पण तिचे डोळे भरले होते. मी जड माल, हलका माल, सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण खोली हातची गेली होती, आणि मला पहिल्यांदाच उजव्या बाजूचा एक शब्द खरोखर लागू पडत होता.

सकाळी बायको म्हणाली, चला, मी येते. मॅडमच्या टेबलावर कागद तयार होता, फक्त सही व्हायची बाकी होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी मला गप्प बसवलं आणि बायकोला विचारलं, की हा माणूस खरा आहे तरी कसा?

"जेवण आवडलं तर दोनदा मागून घेतात, नाही आवडलं तरी दोनदा मागून घेतात," बायको म्हणाली. "भांडण झालं की रुसून आत जातात. तिथे त्यांना झोप लागते. उठल्यावर आपण रुसलो होतो हेच आठवत नाही. मॅडम, या माणसाला दुःख धरून ठेवता येत नाही. मी फार प्रयत्न करून पाहिलाय."

मला इतकं भरून आलं की माझी नजर खालीच राहिली. आपल्याला कुणी इतकं बारकाईने बघत असेल, असं कुठे माहीत असतं!

मग मी माझा नियम सांगितला. मॅडम हसत सुटल्या. म्हणाल्या, नियमासाठी स्वतःला फोर्लॉर्न म्हणवून घेणारा माणूस नव्या गोदामात हवाच. इंग्रजीची मुलाखत नको, तुमचं इंग्रजी मी रोज वाचलंय, माझी झोप उडाली होती. कागद फाडला गेला आणि खोली मला मिळाली!

फक्त एक अट घातली. रोज सकाळी मोबाइलवर माझ्या भावना मी भरायच्या नाहीत, बायकोने भरायच्या.

बायकोने भावाकडून नवा तक्ता आणवला. मी आंघोळीला गेलो की ती माझी हजेरी लावते. त्यामुळे हल्ली मला कसं वाटतंय, हे मला काचेच्या खोलीत जाऊन बसल्यावर कळतं. आज मी 'रिमोर्सफुल' आहे. म्हणजे केल्या कृत्याचा घोर पश्चात्ताप झालेला. कुठल्या कृत्याचा, ते संध्याकाळी घरी गेल्यावर कळेल!